मनात येते त्याचे काय करायचे? : वाचकांचे प्रश्न

विचारांच्या शुद्धतेविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे आटोपशीर केली आहेत आणि नावे गाळली आहेत. उत्तरे एक पाळक आणि एक समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

पाळकसाहेब, सलाम. मी २६ वर्षांचा आहे, नोकरी करतो, तरुण संघात गिटार वाजवतो. उपासनेत, अगदी प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा घाणेरडे विचार येतात. जेवढे ढकलावे तेवढे जास्त येतात. म्हणून मी प्रभुभोजन घेणेच बंद केले आहे. आई विचारते, तिला काय सांगू? — एक तरुण, पुणे

भाऊ, आधी प्रभुभोजनाचे बोलू. बायबलमधल्या १ करिंथ ११:२८ मध्ये प्रेषित पौल सांगतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. 'परीक्षा करावी आणि दूर राहावे' असे तो म्हणत नाही. तिथे तो ज्यांना दटावतो त्यांचा दोषही वेगळा आहे. वचने २१-२२ वाचा. आपापले जेवण आधी उरकायचे, एकाने उपाशी राहायचे, दुसऱ्याने पिऊन तर्र व्हायचे आणि गरिबांना लाजवायचे, असे करिंथात चालले होते. मनात नको ते चमकून गेले म्हणून भाकर नाकारावी, असे त्या अध्यायात कुठेच नाही. येत्या वेळी पुढे जा आणि घ्या.

आता विचारांचे. याकोब १:१४-१५ मध्ये पायऱ्या आहेत. माणूस आपल्या वासनेने ओढला जातो, भुलतो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. ओढ जाणवणे आणि पाप जन्मणे यांच्यात अंतर आहे, आणि तुमची सगळी लढाई त्या अंतरात आहे. विचार आला हे तुमच्या हातात नव्हते. तो घोळवायचा की नाही, हे आहे. मत्तय ५:२८ मधला इशाराही वासनेने पाहत राहणाऱ्याला आहे, नजर पडलेल्याला नाही. आणि इब्री ४:१५ सांगते की ख्रिस्ताचीही सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. परीक्षा होणे हेच पाप असते, तर हे वचन लिहिताच आले नसते.

ढकलल्यावर विचार का वाढतात? १९८७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांना अस्वल जास्तच आठवले. पण दाबताना ज्यांना त्याऐवजी आठवायला एक ठरावीक दुसरी वस्तू दिली होती, त्यांचा त्रास कमी झाला. मत्तय १२:४३-४५ मधले घर झाडून, सजवून ठेवले होते, पण रिकामे होते, म्हणून अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परतला. मन नुसते झाडून भागत नाही, तिथे कोणीतरी राहायला लागते.

तेव्हा दुसरी गोष्ट आधीच ठरवून ठेवा, ऐन वेळी शोधू नका. तुमच्यासाठी दोन पर्याय सुचतात. स्तोत्र १०३ ची पहिली पाच वचने तोंडपाठ करा, किंवा संघातल्या तीन जणांची नावे आणि प्रत्येकासाठी एक नेमकी विनंती ठरवा. विचार आला की 'नको, नको' म्हणू नका, डोळे घट्ट मिटू नका. मनात एकच वाक्य म्हणा, "प्रभू, हे आले आहे, मी तुझा आहे", आणि समोर जे आहे त्यावर या : गाण्याची ओळ, पुढची कॉर्ड. दहा वेळा आले तर दहा वेळा परत या. 'गेला का?' म्हणून तपासायला मात्र जाऊ नका. तपासले की तो हमखास परत येतो. बहुतेकजण इथेच अडकतात.

उपासनेत वर येणारा माल बाकीच्या सहा दिवसांत भरलेला असतो, हेही खरे. दोन आठवडे एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा : वेळ, जागा, आणि त्याआधीचा एक तास काय चालले होते. बहुधा दिसेल ते असे : रात्री अकरानंतर, खोलीत एकटे, दमलेले किंवा कोणाशी तरी बिनसलेले, हातात मोबाईल. मग चार्जर स्वयंपाकघरात लावा आणि गजराचे साधे घड्याळ आणा. 'गजरासाठी मोबाईल उशाशी लागतो' ही सबब तेवढ्याने संपते. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद ठेवा, म्हणजे पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ जवळपास येतच नाहीत. रील्समध्ये नको तो प्रकार आला की झटकन पुढे सरकण्याआधी 'रुची नाही' दाबा. जिथे तुमचा अंगठा थांबतो, तसलेच अ‍ॅप पुन्हा आणून वाढते. वेळेची मर्यादा लावायची असेल तर तिचा पासकोड स्वतःकडे ठेवू नका.

तो पासकोड ज्याच्याकडे द्याल, त्याच्याशीच आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बोला. वयाने थोडा मोठा, विश्वासू पुरुष असावा. त्याने दोनच प्रश्न विचारावेत : या आठवड्यात कुठे घसरलास? पुढच्या आठवड्यात काय बदलणार? याकोब ५:१६ मधली कबुली अशी समोरासमोरची आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती टाकू नका. आणि आईला सगळा तपशील सांगायची गरज नाही. "चुकीच्या समजुतीमुळे थांबलो होतो, आता घेणार आहे" एवढे पुरे.

ताई, मी नर्स आहे. मुलगा बारावीला, यजमानांचे काम सुटलेले, घराचे हप्ते डोक्यावर. रात्री अडीच-तीनला जाग येते आणि डोके सुरू होते. प्रार्थना करते, पण तिच्यात तेच तेच येते आणि मी आणखी घाबरते. माझा विश्वास कमी पडतो आहे का? — एक भगिनी, मिरज

विश्वास मोजण्याची ही वेळच नाही, ताई. रात्री तीनला कोणाचेही डोके हिशेब नीट करत नाही.

प्रार्थना कुठे घसरते ते मात्र पाहता येईल. सुरुवातीला "हे प्रभू" असते. मग दोन-तीन वाक्यांनंतर ती हाक गळते आणि "मग काय होईल, मग काय करायचे" सुरू होते. तिथून पुढे तुम्ही देवाशी बोलत नसता, चिंतेचीच उजळणी करत असता, फक्त हात जोडलेले असतात. फिलिप्पै ४:६ मध्ये विनंती आभारप्रदर्शनासह करायला सांगितली आहे, आणि रात्रीच्या प्रार्थनेत नेमके आभारच गळतात. म्हणून जाग आली की एक वाक्य मागणीचे, एक वाक्य आभाराचे, आणि प्रार्थना संपली. आभार नेमके असावेत. "सगळ्यासाठी धन्यवाद" नको, "आज मुलाने न सांगता डबा घासला" असे. नंतर स्तोत्र १२१ मनातल्या मनात, श्वासाच्या लयीत, अगदी सावकाश म्हणा. चौथ्या वचनात इस्राएलाचा रक्षक झोपत नाही असे आहे. तुमच्या वाट्याची जागल तिथे दुसऱ्याने घेतली आहे. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरुणात तळमळू नका. उठून मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. "तीन वाजले, पाचला उठायचे" ही वजाबाकी झोप घालवते.

खरा इलाज मात्र दिवसा आहे. ड्यूटी नसेल त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पंधरा मिनिटे वही घेऊन बसा. रात्री आठनंतर हे करू नका. डाव्या पानावर चिंता, उजव्या पानावर तिच्यातले पुढचे सर्वांत लहान काम आणि वार. 'हप्ते' समोर लिहा, 'बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का विचारणे, मंगळवार'. 'मुलगा नापास होईल' समोर काही लिहिता येणार नाही, कारण तिथे तुमचे काम नाही. तिथे 'प्रभूकडे' आणि तारीख लिहा. दिवसभरात चिंता डोके वर काढील तेव्हा तिला साडेसहाची वेळ द्या. हे पळ काढणे नव्हे, मत्तय ६:३४ प्रत्यक्षात असेच पाळले जाते. पहिल्या आठवड्यात हे खोटे-खोटे वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग तशीच राहिली तरी डोक्याचे चक्र लवकर थांबू लागते.

आणखी एक. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवाने प्रश्न विचारला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. नाइट ड्यूटीत मध्यरात्रीनंतरचा चहा बंद करा आणि ड्यूटी संपवून आल्यावर घरकामाआधी झोपा. पहाटेची जाग, भूक मरणे आणि कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांवर चालू राहिले तर डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कोणाला तुम्ही हेच सांगितले असते.

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी दोन वर्षे बोलणे नाही. दोघेही एकाच मंडळीत. गाडीवर असताना, अंघोळ करताना मनात त्याच्याशी भांडण चालू असते. बायको म्हणते, तुमचे ओठ हलतात. 'जे शुद्ध, जे श्रवणीय त्याचे मनन करा' हे वचन फ्रिजवर लावले आहे. उपयोग शून्य. — एक वाचक, अहिल्यानगर

दादा, फ्रिजवरच्या वचनाच्या आधीची वचने वाचा. फिलिप्पै ४:२ मध्ये पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त व्हायला नावानिशी विनवतो आणि पुढच्याच वचनात तिसऱ्या एका सोबत्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो. सुवार्तेच्या कामात खपलेल्या दोन बायकांचे बिनसले होते आणि पत्र तर सगळ्या मंडळीपुढे वाचले जायचे. आठवे वचन त्या पार्श्वभूमीवर आले आहे, आणि तेही कैदेतून. सुंदर-सुंदर गोष्टी मनात आणून भांडण विसरा, असा त्याचा अर्थ नाही. 'सत्य', 'न्याय्य', 'शुद्ध' अशी ती यादी भांडणालाच लावायची आहे.

पहिली कसोटी 'सत्य'. एक कागद घ्या आणि मध्ये रेघ मारा. एका बाजूला भाऊ प्रत्यक्ष काय म्हणाला आणि त्याने काय केले, तेवढेच लिहा. कोणी कॅमेरा धरला असता तर जे दिसले असते तेवढे. दुसऱ्या बाजूला 'त्याच्या मनात होते', 'त्याच्या बायकोने शिकवले', 'त्याला नेहमीच' असले सगळे. दुसरी बाजू बहुधा लांब निघते. मनातल्या भांडणात दोघांचेही संवाद तुम्हीच लिहिता, भावाला तोंड उघडायची संधीच नसते. म्हणून ते भांडण जिंकूनही संपत नाही.

'न्याय्य' हीसुद्धा कसोटी आहे. वाटणीतला आपला हक्क मागणे अधार्मिक नाही. प्रॉपर्टी कार्ड काढणे, वकिलाला विचारणे, ही कामे आठवड्यातल्या एका ठरावीक वेळी करा आणि त्या वेळेबाहेर फाइल उघडू नका, डोक्यातलीही नाही.

ओठ हलताना लक्षात आले की तिथेच भावाचे नाव घेऊन एक छोटी, ठोस मागणी करा. त्याच्या गुडघ्यासाठी, पुतणीच्या परीक्षेसाठी. "त्याला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना काही महिने बंद ठेवा. ती भांडणाचीच पुढची ओळ असते, फक्त न्यायाधीश बदललेला असतो. आठवड्याच्या प्रार्थनासभेत हा विषय 'प्रार्थनेची विनंती' म्हणून मांडणेही बंद. अर्धी मंडळी त्यातून फक्त बातमी घेऊन घरी जाते.

महिनाभर हे झाल्यावर मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात भेटा. रविवारी उपासना सुटल्यावर नको, तेव्हा सगळ्यांचे डोळे तुमच्यावर असतात. घरीही नको. चहाच्या टपरीवर अर्धा तास पुरे. पहिले वाक्य आधी ठरवून जा आणि ते 'तू' ने सुरू होऊ देऊ नका. "दोन वर्षे मला हे जड जाते आहे" चालेल. जुना हिशेब बरोबर नेऊ नका. तो उठून गेला तर रोम १२:१८ मधला 'तुमच्याकडून होईल तितके' हा भाग पूर्ण झाला. क्षमा केल्यानंतरही राग उसळेल. तो उसळला म्हणजे क्षमा खोटी होती असे नाही, त्या दिवशीची मागणी तेवढी पुन्हा करायची.

ही सगळी रीत समान ताकदीच्या दोन माणसांसाठी आहे. ज्या बहिणीला घरात मारहाण होते, तिने 'कडू विचार नकोत' म्हणून गप्प बसायचे नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीची वेळ असेल तर ११२ हे क्रमांक आहेत.

माझ्या मनात पवित्र आत्म्याविषयी शिव्या येतात. मला ते नको असते. मी क्षमेची प्रार्थना पन्नास-पन्नास वेळा म्हणते, एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. पाळकांना दर आठवड्याला विचारते, मला क्षमा आहे ना? ते हो म्हणतात, दोन दिवस बरे वाटते. माझ्याकडून अक्षम्य पाप झाले आहे का? — एक वाचक, सोलापूर

नाही.

मार्क ३:२२-३० सलग वाचा. यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशूने दुष्टात्मे काढलेले पाहतात आणि जाणूनबुजून, लोकांना फिरवण्यासाठी जाहीर करतात की हे बालजबूलच्या, म्हणजे दुष्टात्म्यांच्या अधिपतीच्या, बळावर चालले आहे. तिसावे वचन कारणही सांगते : 'याला अशुद्ध आत्मा आहे' असे ते म्हणत होते म्हणून. ती ठरवून घेतलेली, टिकवून धरलेली भूमिका होती. नको असताना मनात घुसणारा आणि आल्यावर अंगाला कापरे भरवणारा शब्द ही त्याच्या अगदी उलट गोष्ट आहे.

तुम्ही जे वर्णन केले आहे ते समुपदेशकांच्या ओळखीचे आहे. नको ते विचार जवळजवळ प्रत्येकाला येतात आणि बहुतेकजण ते सोडून देतात. काहींच्या बाबतीत मेंदू तोच विचार धोक्याची घंटा म्हणून वाजवत राहतो, आणि घंटा थांबवण्यासाठी माणूस काहीतरी पुन्हा पुन्हा करतो : हात धुणे, कुलूप तपासणे, किंवा प्रार्थना मोजून म्हणणे. याला ओसीडी म्हणतात, आणि त्याचा धार्मिक प्रकार शतकानुशतके माहीत आहे. सतराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन बनियन 'ख्रिस्ताला विकून टाक' अशा मनात घुसणाऱ्या शब्दांनी छळला गेला होता. त्याने ते १६६६ मध्ये छापलेल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. जे श्रद्धेने सर्वांत जपायचे, नेमके त्यावरच हा आजार बोट ठेवतो. बेफिकीर माणसाला असला विचार आला तर त्याची झोप उडत नाही.

तुमच्या पत्रात इलाजाची किल्लीही आहे : "दोन दिवस बरे वाटते." पन्नास वेळा म्हणणे आणि पाळकांना विचारणे, दोन्ही क्षणभर शांत करतात आणि त्याच कारणाने चक्र पक्के करतात. उपचारात हे वर्तुळ तोडायला शिकवतात. विचार येऊ द्यायचा, अस्वस्थता सहन करायची आणि ठरलेली कृती करायची नाही. मग अस्वस्थता हळूहळू आपोआप उतरते. हे जाणकार मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करतात, आणि गरज असेल तर औषधेही असतात. औषध घेणे अविश्वास नाही. दुष्टात्मा काढण्यासाठी कोणी बोलावले तर जाऊ नका, त्याने हा त्रास वाढतो.

तोपर्यंत हे करा. क्षमेची प्रार्थना दिवसातून एकदा, साध्या शब्दांत म्हणा. शब्द चुकला तरी तशीच पुढे न्या. मोजणे बंद. पाळकांनाही हे पान दाखवा आणि सांगा की पुन्हा विचारले तर त्यांनी उत्तर देऊ नये, "याचे उत्तर आपण दिले आहे" एवढेच म्हणावे. ते कठोर वाटले तरी मदतच आहे. 'प्रत्येक विचार ख्रिस्ताच्या अधीन' या २ करिंथ १०:५ ने स्वतःला झोडपू नका. पौल तिथे करिंथातल्या विरोधकांचे युक्तिवाद पाडण्याविषयी बोलतो, डोक्यातून जाणाऱ्या प्रत्येक शब्दाची झडती घ्या असे सांगत नाही. जवळ तज्ज्ञ नसेल तर सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर मोफत आहे आणि दिवसरात्र चालते.

ख्रिस्ती मनन आणि 'पॉझिटिव्ह थिंकिंग' यांत फरक काय? ऑफिसातल्या प्रशिक्षणात रोज सकाळी आरशासमोर 'मी यशस्वी आहे' म्हणायला सांगितले. — एक वाचक, ठाणे

काय मनन करावे याच्या पौलाच्या यादीत (फिलिप्पै ४:८) पहिला शब्द 'सत्य' आहे, 'सुखद' नाही. विलापगीत ३ मध्ये लेखक आधी कडू दवणा आणि विष यांची आठवण काढतो आणि त्यानंतरच, एकविसाव्या वचनात, आशा धरण्याचे कारण आठवतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. तेही पवित्र शास्त्रात आहे. ऑफिसात म्हणा की म्हणू नका, फार मोठा प्रश्न नाही. फक्त त्याला प्रार्थना समजू नका.

आमच्या घरी संध्याकाळी रोझरी होते. फादरांनी रिट्रीटमध्ये रात्रीचे आत्मपरीक्षण करायला सांगितले. चार दिवस केले, पाचव्या दिवशी झोप लागली. नेमके किती वेळ, कसे करावे? — एक भगिनी, वसई

ही पद्धत संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या आध्यात्मिक साधनेच्या अभ्यासक्रमातली आहे. तिचे पाच टप्पे आहेत : उपकारांबद्दल आभार, स्वतःचे पाप ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा (आधी विचार, मग शब्द, मग कृती), क्षमा मागणे, सुधारण्याचा निश्चय. प्रॉटेस्टंट वाचकांनाही यात अडचण वाटू नये. स्तोत्र १३९:२३-२४ मध्ये हीच मागणी आहे.

दहा-बारा मिनिटे पुरेत. त्यातली पाच आढाव्याला आणि तीन आभाराला द्या. अंथरुणात करू नका, झोप लागणारच. रोझरी संपली की त्याच जागी, बाकीचे उठायच्या आत करा. तासातासाने म्हणजे खरोखर जागेवरून जागेवर जा : सकाळचा नळ, बाजार, शाळेचे फाटक, दुपारचा फोन. 'आजचा दिवस कसा गेला' असा गोळाबेरीज प्रश्न विचारला की उत्तर 'बरा' येते आणि परीक्षण संपते.

एकाच दोषावर काम करायचे असेल तर त्यांची आणखी एक युक्ती आहे. प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन रेघा ओढायच्या, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्यावर द्यायचे. मग पहिल्या रेघेशी दुसरी, काल आणि आज, मागचा आठवडा आणि हा, असे ताडून पाहायचे. घसरल्याच्या क्षणी हात छातीवर ठेवायचा, चारचौघांतही, कोणाला कळत नाही. दोष मात्र नेमका निवडा. 'वाईट विचार' यावर ठिपका कधी द्यायचा हेच ठरणार नाही. 'जावेची मनात टर उडवली' यावर देता येतो. ठिपके वाढले म्हणून रडू येत असेल, किंवा शून्य आले म्हणून घरात सांगावेसे वाटत असेल, तर आठवडाभर कागद बाजूला ठेवा आणि फक्त आभाराचा टप्पा करा. वरच्या सोलापूरच्या पत्रासारखा त्रास ज्यांना आहे, त्यांनी ही ठिपक्यांची रीत अजिबात वापरू नये.

वय ६१. वचन पाठ होत नाही. सकाळी केलेले दुपारी विसरते. नातीचे एका दिवसात होते. कोणती वचने घ्यावीत आणि कशी? — एक आजी, जालना

आजी, नातीचे एका दिवसात होते आणि आठवड्यात जातेही, विचारून पाहा.

एकच भाषांतर धरा. आज बायबल सोसायटीचे, उद्या सोप्या भाषेतले असे केले की शब्द एकमेकांत गुंततात. तुम्ही लहानपणी ऐकलेले जे असेल तेच घ्या, त्याची लय कानात आधीच आहे. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर मोठ्या अक्षरात स्वतःच्या हाताने लिहा. म्हणताना आधी संदर्भ, मग वचन, मग पुन्हा संदर्भ, आणि मोठ्याने. नुसते डोळ्यांनी वाचलेले राहत नाही. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा म्हणा. मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. त्या दिवशी आधी कार्ड न पाहता आठवायचा प्रयत्न करा, अडले तरच पाहा. अडखळून आठवण्यातच ते पक्के होते. कार्ड पाहून दहा वेळा वाचण्याने पाठ झाल्यासारखे फक्त वाटते. दुपारी विसरलात ते अपयश नाही, दुपारी पुन्हा आठवायची वेळ झाली होती एवढेच.

चालीत बसेल ते गाऊन पाठ करा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भक्तीसाठी अभंग आणि ओवी हाताशी धरली, ती उगाच नाही. चाल पुढचा शब्द ओढून आणते. स्तोत्रे पाठ करण्यासाठीच रचल्यासारखी आहेत. ११९ वे स्तोत्र हिब्रूच्या २२ अक्षरांवर आठ-आठ वचनांचे, एकूण १७६ वचनांचे आहे. पण तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

सुटी वचने निवडताना मागची-पुढची दोन वचने वाचूनच घ्या. यिर्मया २९:११ मधली हिताची योजना बाबेलात नेलेल्या बंदिवानांना सांगितली आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ती ऐकणारे बरेचजण परतले नसणार. फिलिप्पै ४:१३ हे परीक्षेत पहिले येण्यासाठी नाही, बाराव्या वचनात उपाशी राहणे आणि टंचाई सोसणे आहे. असे वाचून पाठ केले की वचन कमी गोड लागते, पण दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर ते साथ सोडत नाही.

म्हणून सुट्या वचनांपेक्षा पूर्ण लहान स्तोत्र बरे. आठवड्याला एक वचन धरले तर २३ वे सहा आठवड्यांत आणि १२१ वे आठ आठवड्यांत होते. नातीला समोर बसवा, एक ओळ तिची, एक तुमची. ११७ वे दोनच वचनांचे आहे, सुरुवात तिथून केली तरी चालेल.